टपावरचं सोलर की गच्चीवरचं?

इलेक्ट्रिक गाडीच्या टपावर सोलर बसवावं का, हे विचारणाऱ्यांची गर्दी झाली आहे. त्यातले चार प्रश्न घेतो.

गाडी दिवसभर सातपूरला कंपनीबाहेर उन्हातच उभी असते. टपावर पॅनेल असेल तर चार्जिंगची कटकट संपेल का? (नाशिकरोड)

नाही संपणार. रविवारी मी माझ्याच गाडीच्या टपाला टेप लावला. अँटेना आणि कडेचा उतार सोडून सपाट जागा निघाली साडेचार फूट बाय साडेतीन, म्हणजे दीड चौरस मीटरही नाही. चांगलं पॅनेल चौरस मीटरला २०० वॅटच्या आसपास देतं, तेही भर उन्हाकडे तोंड करून. आपल्या हाती आले ३०० वॅट. नाशिकच्या निरभ्र दिवशी पाच तासांच्या भर उन्हाइतकं ऊन धरलं, तर दीड युनिट. पण टप आडवा, हिवाळ्यात ऊन तिरकं. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. वर सातपूरची धूळ. शेवटी एक युनिट मिळालं तरी खूश राहा. त्यावर गाडी सात किलोमीटर जाईल. तुमचं रोजचं जाणं-येणं पंचवीस-तीसचं, म्हणजे पाव हिस्सा सुटला.

त्यात एक गंमत आहे. पॅनेलसाठी गाडी उन्हात ठेवायची, आणि पाच वाजता भट्टीसारख्या गाडीत बसून एसी फुल्ल करायचा. अर्ध्या तासात तो सहज अर्धं युनिट खातो. झाडाखाली लावली असती तर? पण सावलीत पॅनेल झोपतं. त्यातल्या सेलांची साखळी असते, एका फांदीच्या सावलीनेही उत्पादन दणकन पडतं.

पैशांचा हिशोब जमतो का? (इंदिरानगर)

समजा सोलर टपासाठी ६० हजार जादा मोजले. पावसाळा आणि सावलीतले दिवस वगळून वर्षाला २५० युनिटं मिळाली आणि युनिट १० रुपयांचं धरलं, तर बचत २५०० रुपये. वसुलीला २४ वर्षं. तोवर गाडी भंगारात गेलेली असेल.

हाच पैसा गच्चीवर घाला. दक्षिणेकडे कललेलं ३ किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी १२ युनिटं देतं, आणि पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८ हजारांचं अनुदान आहे. गाडी दिवसा घरी नसते, ही अडचण नाही. नेट मीटरिंगमध्ये दुपारची वीज महावितरणकडे तुमच्या नावावर जमा होते, रात्री गाडी त्यावर चार्ज होते. पॅनेल छपरावर असो की टपावर, वीज तीच. फक्त गच्ची खड्ड्यांतून धावत नाही.

मग परदेशात अशा गाड्या निघाल्याच कशा? (गंगापूर रोड)

निघाल्या, आणि काही बुडाल्याही. ह्युंदाईच्या आयोनिक ५ ला काही देशांत असं छत मिळालं, टोयोटाच्या प्रियसलाही, पण दोन्हींत ते २०० वॅटच्या आसपासचं, म्हणजे जोडधंदा. नेदरलँड्सच्या लाइटइयर कंपनीने टप, बॉनेट, डिकी सगळीकडे मिळून पाच चौरस मीटर पॅनेल चढवलं. गाडीची किंमत अडीच लाख युरो. जानेवारी २०२३ मध्ये उत्पादन थांबलं. पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या सोनो कंपनीने आपली सायन ही सोलर गाडी गुंडाळली. आपल्या पुण्याच्या व्हेव कंपनीची ईव्हा मला जास्त पटते, कारण गाडीच चिमुकली आहे. कंपनी सोलरवर वर्षाला ३००० किलोमीटरचा दावा करते. दावा कंपनीचा आहे, हे लक्षात ठेवा.

द्राक्षबागेच्या पंपाचं एक पॅनेल शिल्लक आहे. कॅरिअरला बांधून इन्व्हर्टरने गाडी चार्ज केली तर? (निफाड)

दादा, नको. गाडीचा चार्जर निदान ६ अँपिअर मागतो. २३० व्होल्टला ते जवळजवळ १४०० वॅट होतात. तुमच्या ३३० वॅटच्या पॅनेलवर तो चालूच होणार नाही. वाऱ्याने पॅनेल उडालं तर मागच्या मोटारसायकलवाल्याचं काय, हा प्रश्न आणखी वेगळा. ते पॅनेल एखाद्या ई-रिक्षावाल्याला द्या. रिक्षाची बॅटरी ४८ व्होल्टची, वेग कमी, वजन कमी. एका युनिटात ती पंधरा-वीस किलोमीटर जाते आणि गिऱ्हाइकाची वाट बघत उन्हातच उभी असते. पॅनेल मजबूत फ्रेमवर बसवून घ्या आणि मध्ये पॅनेलचे व्होल्ट ४८ च्या वर चढवणारा (बूस्ट) चार्ज कंट्रोलर घातल्याशिवाय बॅटरीला जोडू देऊ नका.