शनिवारची गाडी सोड

प्रिय मुली,

रात्री दीड वाजता आलेला तुझा मेसेज वाचला. "मॅडम, जेमतेम दहा हजार वस्ती, संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नाही. तुलूजला बदली मागू का?" आणि खाली येत्या सात शनिवार-रविवारच्या सात शहरांची यादी, तिकिटांच्या दरांसकट.

बदली मागू नकोस. ती तिकिटंही काढू नकोस. शनिवारी फिजाकमध्येच, दक्षिण फ्रान्समधल्या ज्या गावात तुला शाळेत शिकवायला पाठवलंय तिथेच, राहा.

मलाही चोविसाव्या वर्षी शिकवायला असंच एक गाव मिळालं होतं, तुझ्या गावापेक्षाही लहान. शुक्रवारी शाळा सुटली की मी थेट स्टेशनवर. घरमालकीण दर रविवारी जेवायला बोलवायची आणि मी पाठीला सॅक अडकवूनच दार उघडायचे. "पुढच्या आठवड्यात नक्की." एप्रिलमध्ये तिने विचारणंच बंद केलं. पुण्याला आल्यावर पहिल्याच बॅचमधल्या एका मुलाने विचारलं, मॅडम, तुमच्या गावात काय होतं? मला स्टेशनवरचं घड्याळ आठवलं. बाकी काही म्हणजे काही नाही.

तू म्हणतेस, गाव दोन तासांत बघून झालं. मान वर केली होतीस का? जुन्या घरांच्या तळमजल्यावर दगडी कमानी आहेत, ती मध्ययुगातल्या व्यापाऱ्यांची दुकानं. आता अगदी वर, छपराखाली बघ: खांबांवर तोललेला उघडा मजला. त्याला तिथे 'सोलेयो' म्हणतात. वाळवणाची जागा! आपल्या आज्या कुरडया-पापड घेऊन गच्चीत जायच्या, तसाच हिशोब. गाव वसलं सेंट सोव्हरच्या बेनेडिक्टिन मठाभोवती आणि 1302 मध्ये फ्रान्सच्या फिलिप राजाने ते मठाधिपतीकडून स्वतःकडे घेतलं. पर्यटन कचेरी ज्या इमारतीत आहे तिचं नाव 'ओतेल द ला मोने', म्हणजे टांकसाळ. खरंच तिथे नाणी पाडत होते का, हे कचेरीतल्या बाईंना विचारलंस? नाही. नकाशा घेतलास आणि निघालीस.

ज्या शिळेमुळे इजिप्तची चित्रलिपी वाचता आली, त्या रोझेटा शिळेच्या प्रतिकृतीवर सेल्फी मात्र काढलास. पायाखाली काय होतं ते बघितलंस? कलाकार जोसेफ कोसुथने 1991 मध्ये काळ्या ग्रॅनाइटात केलेली ती भलीमोठी प्रतिकृती पायऱ्या-पायऱ्यांची आहे: तीन टप्पे, तीन लिप्या. वर चित्रलिपी, खाली ग्रीक, मध्ये डेमोटिक. बाळबोध आणि मोडीत जो फरक, साधारण तोच चित्रलिपी आणि डेमोटिकमध्ये समज. एक कोरायची, दुसरी भराभर लिहायची. तुझ्या फोटोत नेमका मधला टप्पा तुझ्या बुटांखाली आहे.

आता तू म्हणशीलच (मी तुला तीन वर्षं शिकवलंय) की चित्रलिपी उलगडणाऱ्या ज्या शाम्पोलियोंच्या नावावर ते गाव जगतं, तो स्वतः दहाव्या वर्षी गाव सोडून ग्रनोब्लला गेला. बरोबर. पुस्तकविक्रेत्याचा मुलगा, जन्म 23 डिसेंबर 1790, गेला. पण 1816 मध्ये तो परत आला, तोही नाइलाजाने. नेपोलियनची बाजू घेतली म्हणून सरकारने त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला फिजाकला धाडलं होतं. म्हणजे तुझी तिथे नेमणूक झाली तशीच, फक्त शिक्षा म्हणून. तिथे थोरल्याने शेजारच्या कापदनाकला खणून सीझरच्या काळातलं हरवलेलं गाव शोधायला घेतलं आणि धाकट्याने मुलांसाठी शाळा उघडली. चित्रलिपीचा उलगडा झाला 1822 मध्ये, पॅरिसला. हे माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जातं, मला कळतंय. तरीही सांगते, शनिवारी तिथेच राहा.

मला अजून नातेवाईक विचारतात, तिकडेच पीएचडी का नाही केलीस, एकाच कॉलेजात सत्तावीस वर्षं कशी काढलीस. काढली, कारण त्या एका गावाची चुटपुट लागली होती. पुन्हा एखादी जागा अर्धवट सोडायची नाही, असं मनाशी धरलं. कदाचित मी हट्टाला तत्त्वाचं नाव दिलं असेल. असू दे. त्या हट्टापायी निदान मला माझ्या कॉलेजच्या शिपायाची तिन्ही मुलं नावानिशी माहीत आहेत.

आणि हे तर तुला माहीतच हवं: 12 मे 1944 ला जर्मन फौजेने त्या गावातून आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांमधून शेकडो माणसं धरून छावण्यांत नेली. विमानांचे पंखे बनवणारा रातियेचा कारखाना त्याच वर्षी जानेवारीत जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या प्रतिकारकांनी उडवला होता. तुझ्या वर्गातल्या एखाद्या पोराचा पणजोबा त्यात असेल. तुलूजच्या कॅफेत बसून हे कसं कळणार?

तेव्हा या शनिवारी सकाळी प्लास कार्नोच्या बाजारात जा. काबेकू घे, बकरीच्या दुधाचं चपटं चीज, पुरीएवढं. ताजं आणि मुरलेलं, दोन्ही. विकणाऱ्या बाईशी भाव सोडून दुसरं काहीतरी बोल. पाठपिशवीला शिंपला लटकवलेले लोक दिसतील, ते ल पुईहून स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला पायी निघालेले असतात. फिजाक त्यांच्या वाटेवरचा मुक्काम आहे. ते गाव मुद्दाम चालत गाठतात आणि तू गाडीने पळतेस!

दुपारी टेकडीवरच्या सँग्लच्या 'सुई'पर्यंत चढ. तो दगडी खांब कशासाठी उभारला, यावर अजून एकमत नाही. कुणी म्हणतं मठाच्या हद्दीची खूण. खांबाला बाजू किती आहेत ते मोजून मला रविवारी कळव. आकडा मला ठाऊक आहे, गूगल केलंस तर ओळखेन.

तुझी,
मॅडम