यकृतविकारशास्त्रात डीएम ही अतिविशेषज्ञ पदवी करताना रुग्णसेवा आणि संशोधन दोन्ही जमते का?

जमते, पण संशोधनाचा प्रश्न वॉर्डातूनच निघायला हवा. एमडी मेडिसिननंतर नीट-एसएस या प्रवेशपरीक्षेमार्गे (पीजीआयसारख्या संस्थांत आयएनआय-एसएसमार्गे) मिळणाऱ्या तीन वर्षांच्या डीएममध्ये ओपीडी, एंडोस्कोपी आणि रात्रपाळ्या सांभाळून जो वेळ उरतो, त्यात उंदरांवरचा प्रकल्प बसवणे मला तरी अव्यवहार्य वाटते.

एक उदाहरण देतो. सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कायमचे घट्ट व निकामी होत गेलेल्या रुग्णाच्या पोटात साठलेले पाणी सुईने काढून तपासतात. त्यात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी दर घन मिलिमीटरला 250 हून अधिक आढळल्या, तर जंतुसंसर्ग धरून उपचार सुरू होतात. प्रतिजैविकाने संसर्ग आटोक्यात येऊनही काहींची मूत्रपिंडे बिघडतात, हे डॉक्टरांना खाटेपाशीच दिसत होते. त्यावरून स्पेनमध्ये 126 रुग्णांवर चाचणी झाली आणि 1999 मध्ये ती प्रसिद्ध झाली: केवळ सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक दिलेल्या गटात 33 टक्के रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली, तर सोबत शिरेतून अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) दिलेल्या गटात हे प्रमाण 10 टक्केच राहिले. अल्ब्युमिनची बाटली महाग असते, त्यामुळे कमी मात्रा पुरेल का, हा आपल्याकडचा अगदी रास्त प्रश्न आहे.

दिल्लीची आयएलबीएस ही यकृतविकार संस्था आणि चंडीगडची पीजीआय ही वैद्यकीय संस्था येथे हेपॅटॉलॉजीचे, म्हणजे यकृतविकारशास्त्राचे, स्वतंत्र डीएम आहे. प्रवेश कुठेही मिळो, प्रबंधाचा आराखडा पहिल्या सहा महिन्यांत नैतिकता समितीपुढे ठेवा, आणि उपचारांची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधीच सीटीआरआय या भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी करा.