सूर्यावर डाग वाढले की पृथ्वीवर येणारे वैश्विक किरण कमी का होतात?

सूर्यमालेबाहेरून येणारे हे वैश्विक किरण खरं तर किरण नव्हेतच; बहुतेक प्रोटॉन, म्हणजे विद्युतभारित कण. म्हणून चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवतं. सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारा भारित कणांचा झोत, सूर्याचं चुंबकीय क्षेत्र दूरवर ओढत नेतो आणि सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यानं त्याला चकलीसारखा पीळ पडतो. पुण्यात गणपती विसर्जनाच्या दिवशी अलका चौकातून मंडईकडे, मिरवणुकीच्या उलट जाऊन बघा! या कणांची तशीच गत: धक्के खात, भरकटत आत यायचं. कमी ऊर्जेचे बरेचसे बाहेरच अडतात. दर सुमारे ११ वर्षांनी डाग वाढतात, तेव्हा क्षेत्र जास्त जोरकस आणि गुंतागुंतीचं होतं. व्हॉयेजर-१ हे अंतराळयान ऑगस्ट २०१२ मध्ये सौरवारा आणि या क्षेत्राच्या कवचाबाहेर पडलं, तेव्हा कणांची मोजणी एकदम वाढली. अतिउच्च ऊर्जेच्या कणांना मात्र याचं सोयरसुतक नाही.