युरिया 'ऑरगॅनिक' आहे का?

प्रश्न: शाळेत युरिया सेंद्रिय संयुग म्हणून शिकलो, मग सेंद्रिय शेतीत तो का चालत नाही?

कारण शब्द एक, अर्थ दोन. 'ऑरगॅनिक'चं मूळ ग्रीक 'ऑर्गेनॉन' म्हणजे साधन, त्यावरून शरीराचा अवयव. मराठीतही स + इंद्रिय = सेंद्रिय, म्हणजे इंद्रियं असलेलं, सजीव. असे पदार्थ फक्त जिवंत शरीरातच तयार होतात, अशी जुनी समजूत होती. 1828 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने लघवीत सापडणारा युरिया प्रयोगशाळेत बनवला आणि ती डळमळली. पुढे रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे ढोबळमानाने कार्बनची संयुगं, एवढंच उरलं. त्या हिशेबाने प्लॅस्टिकची पिशवीही सेंद्रिय आणि बरीचशी कीटकनाशकंही!

शेतीत प्रश्न कार्बनचा नसून पद्धतीचा आहे. गोणीतला युरिया कारखान्यात अमोनियापासून बनतो, म्हणून बाद. उलट मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक रसायनशास्त्रात पक्कं असेंद्रिय, पण मर्यादेत चालतं. त्यामुळे 'सेंद्रिय म्हणजे केमिकल-फ्री' ही जाहिरातवाल्यांची भाषा. पाणीसुद्धा केमिकलच की.

गुळाच्या ढेपेवर नुसतं 'ऑरगॅनिक' छापलेलं बघून वीस रुपये जास्त देऊ नका. पाकिटावर सेंद्रिय अन्नाचं अधिकृत सरकारी चिन्ह आणि प्रमाणपत्राचा तपशील शोधा. शेतकरी ओळखीचा असेल तर त्यालाच विचारा, खत कुठलं घातलं.

आणि सोशल मीडियावाल्यांची 'ऑरगॅनिक रीच'? पैसे न मोजता मिळालेले प्रेक्षक. तिथे ना कार्बन, ना शेणखत.