शेजारच्या ख्रिश्चन आजींना फादर तेल लावून गेले. म्हणजे आता त्यांचं काही खरं नाही का? भेटायला जावं का? आणि हे संस्कार एकूण असतात तरी किती?

जा की भेटायला! आणि पुढच्या आठवड्यात आजी अंगणात बोंबील वाळत घालताना दिसल्या, तर दचकू नका.

आम्हा कॅथलिकांचे संस्कार सात: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत म्हणजे चर्चमधल्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर), पापांची कबुली, आजाऱ्यांना तेल लावणं, गुरुदीक्षा आणि लग्न. बाकीच्या सहांवर इतर लोक लिहितीलच. मी तेलावरच लिहितो, कारण त्यापायी आमच्या घरात दोन सख्खे भाऊ आजही एकमेकांशी धड बोलत नाहीत.

आम्ही वसईचे. वडिलांची बायपास ठरली, तेव्हा तेच म्हणाले, "फादरना बोलव, तेल लावून घेतो." मी फोन केला. संध्याकाळची मिस्सा आटोपून फादर स्कूटरवरून आले, तर थोरल्या काकांनी त्यांना ओट्यावरच अडवलं. "माझा भाऊ जिवंत आहे अजून. एवढी घाई कसली?" लगेच आत्याने डोळ्याला पदर लावला. फादर बिचारे चहा पिऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता त्यांना थेट हॉस्पिटलात नेलं. त्यांनी खिशातून अंगठ्याएवढी डबी काढली, आत तेलात भिजवलेला कापूस. प्रार्थना म्हणत आधी कपाळावर क्रूस काढला, मग तळहातांवर. सलाइनच्या चिकटपट्टीचं टोक तळहातावर आलं होतं, ते चुकवून अंगठा फिरवला. वडिलांची काळजी वेगळीच: "फादर, हे पुसू का? भूल देणारा डॉक्टर ओरडेल." फादर म्हणाले, "पुसा खुशाल." झालं, एवढाच तो संस्कार. वडील आज वाडीत केळींना पाणी सोडतायत.

काकांच्या लहानपणी चित्र वेगळं होतं, हे मान्य. तेव्हा हा संस्कार अगदी शेवटच्या घटकेला व्हायचा. डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय, सगळीकडे तेल. फादर येऊन गेले की घरचे शवपेटीच्या तयारीला लागायचे. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, 1963 मध्येच सांगितलं की हा केवळ मरणाऱ्यांचा संस्कार नाही. 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधी बदलला, तेव्हापासून कपाळ आणि हात, बस्स. मरणाऱ्यासाठी शेवटचा असतो तो ख्रिस्तप्रसाद. दर रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्या माणसाला हे कळू नये?

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात साधं सांगितलंय: कुणी आजारी असेल तर त्याने चर्चच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. 'आजारी' म्हटलंय तिथे. अशुभ म्हणून थांबणारे थांबतात, माणूस बेशुद्ध झाल्यावर धावतात. मेलेल्याला तर हे तेल लावतच नाहीत. मग फादर नुसती प्रार्थना करतात आणि घरचे त्यांच्यावरच डाफरतात.

हां, सर्दी-पडशाला कुणी तेल लावत नाही. आजार गंभीर हवा, मोठं ऑपरेशन हवं, नाहीतर म्हातारपणाने अंग थकलेलं हवं. आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. लावणारे फादर किंवा बिशपच, सिस्टरना (म्हणजे नन) चालत नाही. आणि वडिलांना वाचवलं सर्जनने, उगाच चमत्कार म्हणून फॉरवर्ड करू नका. तुमच्या आजी प्रोटेस्टंट असतील तर हिशेबच वेगळा, त्यांच्यात बहुतेक ठिकाणी संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन.

11 फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणाला, बऱ्याच चर्चमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांना एकत्र बसवून तेल लावतात. काकांचे दोन्ही गुडघे गेलेत, बीपी आहे, वय झालंय, म्हणजे सगळ्या अटींत बसतात. दरवर्षी मिस्साला येतात आणि तेलाची वेळ झाली की गाडी नीट लावलीय का ते बघायला बाहेर जातात. गाडी मी चालवतो.