प्राचीन आणि मध्ययुगीन कला-स्थापत्यातले पारिभाषिक शब्द लक्षात राहत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की परीक्षेसाठी साठ-सत्तर शब्दांची यादी हातात आहे. चैत्य, विहार, हर्मिका, अंतराळ, जंघा, भूमिज, ललाटबिंब, मिहराब असे शब्द. अर्थ पाठ केले तरी आठवड्याभरात सगळे एकमेकांत मिसळतात. तुम्ही धुळ्याचे आहात हेही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. यादीतल्या बहुतेक शब्दांच्या वस्तू आपल्या खान्देशात किंवा त्याच्या शिवेवर उभ्या आहेत.

माझे वडील सुतार होते. गिरणाकाठच्या आमच्या गावात धाब्याची घरं होती आणि त्यातल्या कितीतरी घरांचं लाकूडकाम त्यांच्या हातचं. मी इतिहासात एम. ए. करत होतो तेव्हा माझ्याकडेही अशीच यादी होती आणि अवस्थाही तुमच्यासारखीच होती. त्या हिवाळ्यात वडिलांना घेऊन अजिंठ्याला गेलो. दहा नंबरच्या लेण्यात ते बाजूच्या पडवीत शिरले, मान वर करून छताकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हाई ते लाकूडनं काम शे."

छत दगडाचं, कातळात कोरलेलं. पण त्यावर वाशांसारख्या वाकलेल्या फासळ्या ओळीनं काढल्या आहेत. वडिलांचं म्हणणं सरळ होतं: वासा छपराचं वजन घेण्यासाठी असतो. डोंगराच्या पोटातल्या छताला वाशाची गरजच नाही, तरी तो कोरलाय, म्हणजे कोरणाऱ्याच्या डोळ्यासमोर लाकडी घर होतं. मधल्या दालनाच्या उंच छताला तर खरोखरच्या लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या. त्या गेल्या, त्यांच्या खोबणी राहिल्या. पुण्याकडे भाजे लेण्यातल्या चैत्यगृहातले (स्तूप असलेल्या दालनातले) खांब आतल्या बाजूला कललेले दिसतात, त्याचंही मूळ लाकूडकामातच आहे. आणि या दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर एक ब्राह्मी लेख आहे. वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसानं दान दिलं. कशाचं? 'घरमुख' असा शब्द आहे. घराचं तोंड. आज आपण पुस्तकात 'दर्शनी भाग' लिहितो, त्याला दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस घरमुख म्हणत होता.

तेव्हापासून मी यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायला लागलो: घरात या जागी काय असतं, आणि ते कोणाचं वजन घेतं? तुम्हीही हेच करा. तुमच्या आजोळी किंवा शेजारी एखादं जुनं माळवद, म्हणजे सपाट मातीच्या छताचं धाब्याचं घर, अजून उभं असेल तर आधी तिथे जा. खांबाखालचा दगड बघा, तो तळखडा. देवळाच्या खांबाच्या पायथ्यालाही अभ्यासक तळखडाच म्हणतात. खांबाच्या डोक्यावर आडवी उशी असते, तिच्यावर तुळई, तुळईवर कड्या, म्हणजे छताची आडवी लाकडं. देवळात उशीच्या जागी स्तंभशीर्ष येतं आणि तिथे अनेकदा बुटके, फुगीर पोटाचे, दोन्ही हात वर करून भार उचलणारे यक्ष कोरलेले असतात. त्यांना भारवाहक यक्ष किंवा कीचक म्हणतात. आपल्या घरातली उशी जे काम करते तेच काम ते करताना दाखवलेत. एकदा हे दिसलं की शब्द विसरणं अवघड आहे.

दाराचंही तसंच. आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा वडिलांनी प्रत्येक लाकडावर खडूनं आकडे घातले होते. बाकीचं लाकूड विकलं, पण चौकट ठेवली, कारण तिच्या वरच्या आडव्या पट्टीवर मधोमध गणपती होता. तिला आपण गणेशपट्टी म्हणतो. देवळाच्या दारावर याच जागी जी लहान मूर्ती असते ती ललाटबिंब, म्हणजे कपाळावरचं चिन्ह. चौकटीच्या उभ्या बाजूंवर एकाशेजारी एक नक्षीच्या पट्ट्या असतात, त्या द्वारशाखा. तीन असल्या तर त्रिशाखा, पाच असल्या तर पंचशाखा. खाली उंबरठा, त्याचं शास्त्रातलं नाव उदुंबर. आपला 'उंबरा' त्याच शब्दाचा. उंबऱ्यावर बटबटीत डोळ्यांचं, दात विचकलेलं सिंहासारखं तोंड असतं ते कीर्तिमुख. शंकरानं एका भुकेल्या गणाला स्वतःलाच खायला सांगितलं आणि त्यानं तोंड सोडून सगळं शरीर खाल्लं, अशी त्याची कथा. उंबऱ्याच्या पुढे जमिनीवर अर्धवर्तुळाकार दगड असतो ती चंद्रशिळा. सहा शब्द झाले, आणि तुम्ही अजून दारातच आहात.

देवळाची उंची मात्र घरावरून कळत नाही, तिथे माणसाचं शरीर कामाला येतं. तळाशी अधिष्ठान, साध्या मराठीत जोतं. त्याच्या सर्वांत खालच्या थराला खुर म्हणतात. त्यावर कुंभ. मग मूर्तींनी भरलेली उभी भिंत, ती जंघा, म्हणजे मांडी. वर शिखर, शिखर जिथे संपतं तो स्कंध, म्हणजे खांदा. त्यावर ग्रीवा, म्हणजे मान. मानेवर आमलक, आवळ्यासारखा पाकळ्या-पाकळ्यांचा चपटा गोल दगड, आणि त्यावर कलश. आत मुखमंडप, मंडप, मग गाभाऱ्याआधीची अरुंद जागा ती अंतराळ, आणि शेवटी गर्भगृह. साक्री तालुक्यात बळसाण्याला जा, तुम्हाला जवळ आहे. तिथल्या एका देवळात एकाच मंडपाला तीन दिशांनी तीन गाभारे आहेत. अशा देवळाला त्रिदल म्हणतात. मंडपाच्या मध्यावर उभं राहून एक गिरकी घेतली की तो शब्द कायमचा तुमचा झाला.

आता एका शब्दाबद्दल जरा कळकळीनं सांगायचं आहे: 'हेमाडपंती'. आपल्याकडे काळ्या दगडाचं, चुना न वापरता रचलेलं कोणतंही जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणून मोकळे होतात, आणि परीक्षेच्या उत्तरातही तेच येतं. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा अधिकारी, महादेव (इ. स. 1260-1271) आणि रामचंद्र यांच्या दरबारातला. पण अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा आहे. हेमाद्री कारभारावर यायच्या दोनशे वर्षं आधी हे देऊळ उभं होतं! आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचं महादेवाचं देऊळही इथल्या निकुंभ राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. म्हणून 'हेमाडपंती' हा शब्द लिहायचाच असेल तर दगडावर दगड नेमका बसवून केलेल्या कोरड्या बांधणीसाठी लिहा. शैली सांगायची असेल तर शिखराकडे बघा आणि नाव द्या.

शिखराचं आपल्याकडचं महत्त्वाचं नाव भूमिज. नागर, द्रविड, वेसर हे तीन सगळ्यांना पाठ असतात. उत्तरेकडचं वक्ररेषेत चढत जाणारं ते नागर, दक्षिणेकडचं मजल्या-मजल्यांनी चढणारं ते द्रविड, दोहोंच्या मिश्रणाला वेसर. भूमिज मात्र विसरलं जातं, आणि माळवा ते दख्खन या पट्ट्यात तेच नांदत होतं. माळव्यात उदयपूरचं परमार राजांचं उदयेश्वर, खाली अंबरनाथ आणि सिन्नरचं गोंदेश्वर ही त्याची ठळक उदाहरणं. मधल्या वाटेवर आपला खान्देश. ओळखायचं असं: चारही बाजूंच्या मधोमध खालून वर एकेक सलग नक्षीचा पट्टा जातो, ती लता. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या-छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. मक्याच्या कणसावर दाणे बसतात तशा. एक सापळाही लक्षात ठेवा: उत्तरेत 'शिखर' म्हणजे गाभाऱ्यावरचा अख्खा उंच भाग, तर दक्षिणेत गाभारा आणि त्यावरचं सगळं बांधकाम मिळून विमान, आणि 'शिखर' फक्त अगदी वरचा घुमटीसारखा दगड. गोपुर तर प्रवेशद्वारावरचं, त्याचा गाभाऱ्याशी संबंध नाही. प्रश्न काढणाऱ्यांचं हे आवडतं ठिकाण आहे.

लेण्यांकडे परत येतो, कारण तिथेही गोंधळ होतो. गुहा निसर्गाची, लेणं माणसानं कोरलेलं. 'लेण' हा शब्द नाशिकच्या शिलालेखांतच आहे. चैत्यगृह म्हणजे ज्यात स्तूप आहे ते प्रार्थनेचं दालन, आणि विहार म्हणजे मधे चौक आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या. अजिंठ्याला 9, 10, 19, 26 आणि 29 ही चैत्यगृहं, बाकी बहुतेक विहार. स्तूपाचे भाग खालून वर म्हणायचे: मेधी हा गोल ओटा, अंड हा घुमटासारखा भाग, हर्मिका ही वरची चौकोनी पेटी, त्यात यष्टी म्हणजे काठी, आणि काठीवर छत्रावली. भोवतीचा कठडा वेदिका, फिरायची वाट प्रदक्षिणापथ.

आणि हे पाठ करण्याऐवजी तीन लेण्यांत एकामागून एक जा. दहाव्या लेण्यातला स्तूप बिनमूर्तीचा आहे. एकोणिसाव्यात स्तूपावर बुद्ध उभे आहेत. सव्विसाव्यात ते पाय खाली सोडून बसलेत, त्या बैठकीला प्रलंबपादासन म्हणतात. हीनयान (बुद्धमूर्तीशिवायचा आधीचा बौद्ध पंथ) आणि महायान (बुद्धमूर्ती पुजणारा नंतरचा) यांवर पानभर वाचून जे मनात ठरत नाही ते या तीन स्तूपांसमोर ठरतं. सव्विसाव्याच्याच डाव्या भिंतीवर आडवे झालेले महापरिनिर्वाणाचे बुद्ध आहेत, आणि त्याच भिंतीवर मारविजयाचा, म्हणजे मोहात पाडणाऱ्या माराला बुद्धांनी जिंकल्याचा प्रसंग, त्यात उजवा हात जमिनीला टेकलेला, भूमिस्पर्श मुद्रा. पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात दोन्ही हात छातीपाशी, ती धर्मचक्रप्रवर्तन मुद्रा. गाभाऱ्याबाहेर चित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं शरीर मान, कंबर आणि गुडघा असं तीन ठिकाणी वळलंय, तो त्रिभंग.

चित्रांबद्दल बऱ्याच नोट्समध्ये 'अजिंठ्याचे फ्रेस्को' असं असतं. ते खोडा. खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावतात. अजिंठ्याला खडबडीत कातळावर माती, भाताचं तूस, गवत असं कालवून गिलावा दिला, वर चुन्याचा पातळ हात दिला, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. ही टेम्पेरा पद्धत. भुसा घालून माती तुडवून भिंत लिंपताना तुम्ही कोणाला पाहिलं असेल तर गिलाव्यात तूस कशासाठी हे वेगळं सांगायला नको. माती वाळताना तडकते, तूस तिला धरून ठेवतं.

मध्ययुगीन भागात सगळं 'कमान' या शब्दावर येऊन थांबतं. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर पिंपळाच्या पानासारखी मोठी कमान दिसते, पण ती फक्त आकारानं कमान. कोरलेली असल्यानं ती काहीच पेलत नाही. जुन्या देवळांत खांबावर आडवी तुळई, नाहीतर प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा थोडा पुढे काढत छत मिटवत नेण्याची पद्धत. खरी कमान पाचरीसारख्या दगडांची असते. दगड एकमेकांना दाबून धरतात, मधे कळीचा दगड बसतो, आणि वजन दोन्ही पायांकडे वाहून जातं. ही पद्धत आपल्याकडे सुलतानी काळात रुळली. घुमटाचं कोडंही तिथेच सुटतं: खोली चौकोनी, घुमट गोल, मग चार कोपऱ्यांवर तिरप्या कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन करायचा आणि त्यावर गोल बसवायचा. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरला खान्देशच्या फारुकी राजांच्या कबरींच्या इमारती आहेत, त्यातली एक मुळातच अष्टकोनी आहे. तिच्या शेजारच्या चौकोनी इमारतींशी ती ताडून बघा. मिहराब, मिंबर आणि किब्ल्यासाठी बऱ्हाणपूरची जामा मशीद बघा. मिहराब म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीतला कमानदार कोनाडा, ती दिशा म्हणजे किब्ला, आणि मिंबर म्हणजे प्रवचनाचा पायऱ्यांचा चौथरा. राजा अलीखान फारुकीच्या काळातल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. फारुकींची कारकीर्द 1601 साली असीरगड अकबराकडे गेल्यावर संपली.

पहिली भेट कुठे द्यावी असं विचाराल तर पाटणादेवी. चाळीसगावहून वीसेक किलोमीटर. पाटण्याचा इ. स. 1207 चा शिलालेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाबद्दल आहे. बहुतेक लेख संस्कृतात, पण कर आणि दानाचा हिशेब शेवटी जुन्या मराठीत: 'तो मढा दीन्हला', मठाला दिला. तुमच्या यादीत 'मठ' शब्द असेलच. वर डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेला हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कण्हदास, आणि धंदा सोनाराचा.

जाताना यादी घरी ठेवा. शाळकरी पाठकोरी वही आणि पेन्सिल घ्या, सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे तिरपं ऊन जंघेवर पडतं आणि प्रत्येक थर वेगळा दिसतो. दारासमोर जमिनीवर बसून चौकट काढा, चंद्रशिळेपासून सुरुवात करून ललाटबिंबापर्यंत. चित्र चांगलं यायची गरज नाही. प्रत्येक भागाशेजारी नाव लिहा, आणि जिथे नाव आठवलं नाही तिथे जागा कोरी सोडून संध्याकाळी घरी आल्यावर भरा. अडलं तर त्या पानाचा फोटो इथे टाका, मी बघून सांगेन.