संधिवाताच्या गोळीने डोळे जातात का? आईची गोळी बंद करू का?

तुमच्या आईंचं वजन 60 किलो, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन रोज 400 मिलिग्रॅम, सहा वर्षं चालू, आणि शेजारच्या बाईंनी डोळ्यांची भीती घातली, असं तुम्ही लिहिलंय. आधी एकच सांगते, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा हा संधिवात, पुन्हा उसळला तर सांधे वाकू शकतात, आणि वाकलेले सहसा पुन्हा सरळ होत नाहीत. पण भीती अगदीच खोटी नाही. मी त्यातून गेले आहे.

मी सांगलीत हळदीच्या अडतीवर हिशोब लिहिते. 2009 पासून हीच गोळी, रोज 400, आणि माझं वजन 52. गोळीने हात सुटले, पेन धरता यायला लागलं, म्हणून तिच्याबद्दल मला आजही राग नाही. 2021 च्या हळदीच्या सौद्यांत वहीतले आकडे गळायला लागले. 14250 मधल्या चारवर नजर ठेवली की शेजारचा दोन दिसेना. मान हलवली की परत दिसायचा. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. एका ठिकाणी डोळ्यांत थेंब घालून पडदा बघितला आणि "सगळं छान आहे" म्हणाले. मी निर्धास्त घरी आले, आणि त्यात आठ महिने गेले.

तीच चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून एवढं लिहितेय. या औषधाने पडद्याला होणारी इजा सुरुवातीला नुसतं बघून कळत नाही. तक्ता वाचायला लावला तर बाई सगळ्या ओळी वाचते, कारण अगदी मधली नजर बराच काळ शाबूत राहते. इजा तिच्या भोवतीने होते. ती पकडायला दोन तपासण्या लागतात: ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, आणि फील्ड, म्हणजे एक डोळा झाकून ठिपका चमकला की बटण दाबायचं. दुखत नाही. फील्डला कंटाळा येतो, आईंना आधी सांगून ठेवा, घाईत बटण दाबलं तर रिपोर्ट बिघडतो. मिरजेला गेलात तर नाव घेऊनच मागा, "डोळे तपासा" एवढं म्हणू नका. आपल्यासारख्या आशियाई लोकांत ही इजा बरेचदा मध्यापासून थोडी लांब सुरू होते, म्हणून फील्ड थोडं रुंद घ्याल का, हेही विचारा.

आता डोस. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने 2016 साली सांगितलेली मर्यादा म्हणजे वजनाच्या दर किलोला दिवसाला 5 मिलिग्रॅमपर्यंत. आईंचे 60 किलो म्हणजे 300. त्या 400 घेतात. एक दिवसाआड 200 आणि 400 अशी सरासरी 300 बसवता येते, पण ते त्यांच्या सांध्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. जाताना क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतं ते दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट न्या. औषधाचा काही भाग मूत्रपिंडातून बाहेर पडतो, त्याचं काम कमी असेल तर धोका वाढतो.

डोस बरोबर असेल तर पहिल्या पाच वर्षांत धोका शेकडा एकपेक्षा कमी, दहा वर्षांपर्यंत दोनपेक्षा कमी. वीस वर्षांनंतर मात्र तो वीसच्या आसपास जातो. म्हणूनच सुरू केल्यावर वर्षभरात एकदा पडदा बघायचा, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी या दोन तपासण्या करायच्या. आईंची सहा वर्षं झाली, म्हणजे वेळ झालीच आहे. सोबत स्टिरॉइड चालू असेल तर डोळ्याचं प्रेशरही मोजून घ्या. स्टिरॉइडने मोतीबिंदू झाला तर ऑपरेशन आहे. पडद्याला ऑपरेशन नाही, गेलेलं परत येत नाही.

माझं औषध डॉक्टरांनी बदललं. डाग आहेत तेवढेच आहेत, अजून वाढले नाहीत. वहीत ओळीखाली पट्टी धरून लिहिते. आईंचा पहिला फील्डचा कागद फाईलमध्ये नीट लावून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच्याशीच ताडून बघतात. माझ्याकडे 2021 च्या आधीचा एकही कागद नव्हता.